रुग्णालयातील भूक

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर डॉक्टरला बोलावले म्हणजे तो मुलांच्या आरोग्याविषयी, स्वच्छतेविषयी किंवा फार तर परीक्षेच्या काळातील झोपेविषयी बोलेल, अशी सर्वांची अपेक्षा असते. चिटणीससाहेबांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "मी रुग्णालयातील भुकेविषयी बोलणार आहे." ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "रुग्णालयात भूक? तिथे तर जेवण फुकट मिळते!" त्यांचा हा प्रश्न हीच माझ्या आजच्या भाषणाची सुरुवात आहे. भाषण संपल्यावर ते स्मरणिकेत छापले जाईल. तेव्हा समोर बसलेल्या आपणा सर्वांबरोबरच, पुढे कधीतरी हे पान उघडणाऱ्या वाचकाशीही मी बोलत आहे असे समजावे.

प्रथम एक घटना सांगतो. ती माझ्या कौतुकाची नाही, चुकीची आहे.

1983 च्या पावसाळ्यात मी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर होतो. यंत्रमागावर काम करणारा, पंचेचाळीशीच्या आसपासचा एक गृहस्थ न्यूमोनिया आणि जुलाब यांसाठी आमच्या वॉर्डात दाखल झाला. अंगाने काटकुळा होता. मधुमेह नव्हता. आम्ही इंजेक्शने सुरू केली, सलाईन लावले, छातीचा एक्स-रे काढला. तिसऱ्या दिवशी पहाटे मला बोलावणे आले. माणूस घामाने निथळत होता, हाक मारली तर काहीतरी असंबद्ध पुटपुटत होता. ताप मेंदूत गेला असे मी अनुमान केले आणि पाठीतून पाणी काढण्याची तयारी करायला सांगितले. वॉर्डातील एक वयस्क सिस्टर माझ्या मागे उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, साखर पाहिली का?"

त्या काळी बोटावर टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि पट्टीचा रंग डब्यावरील रंगांशी ताडून पाहायचा, अशी पद्धत होती. पट्टीचा रंग जवळजवळ बदललाच नाही. साखर अतिशय कमी झाली होती. शिरेतून ग्लुकोज दिले. दोन-तीन मिनिटांत त्या माणसाने डोळे उघडले आणि बायको कुठे आहे असे विचारले. वॉर्डातील सगळे आनंदले. मला तर आपण मोठा पराक्रम केला असे वाटले.

मी चुकलो ते इथे. साखर वाढली, पण ती कमी का झाली होती, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. त्या रात्री ती पुन्हा उतरली. या वेळी कोणाच्या लक्षात येईपर्यंत फार उशीर झाला होता. सकाळी त्याची पत्नी आली. ती रडत नव्हती. ती एवढेच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आठ दिवसांपासून ह्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. कुणी विचारलंच नाही."

मी केसपेपर उघडून पाहिला. आहाराच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिले होते: 'पूर्ण आहार'. जेवणाची गाडी रोज दोन वेळा येत होती. ताट त्याच्या खाटेशेजारच्या कपाटावर ठेवले जात होते. उठून बसण्याची ताकद त्याला नव्हती. भेटीची वेळ चार ते सहा, म्हणून पत्नीला जेवणाच्या वेळी आत सोडत नव्हते. तासाभराने आया येऊन भरलेले ताट तसेच उचलून नेत होती. कागदावर तो पूर्ण आहार घेत होता आणि खाटेवर उपाशी होता.

मित्रहो, तेव्हापासून चाळीसहून अधिक वर्षे झाली. मी सेवेतून निवृत्त झालो. पण ते वाक्य काही मला सोडत नाही. म्हणून आज हा विषय.

ही गोष्ट एकट्या आमच्या वॉर्डाची असती, तर मी ती माझ्यापुरतीच ठेवली असती. तसे नाही. क्रिमियन युद्धात, 1854 साली, इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल गेल्या. पुढे 1859 मध्ये शुश्रूषेवरील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात त्यांनी बजावले की, अन्न भरपूर असूनही असंख्य रुग्ण उपाशी राहतात. याचे कारण ते अन्न त्यांना कसे आणि केव्हा खाता येईल याकडे कोणी लक्ष देत नाही. 1974 मध्ये अमेरिकेतील डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी एका लेखातून वैद्यकीय जगाला हाच प्रश्न पुन्हा परखडपणे विचारला. 1994 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दाखल होणारे 500 रुग्ण तपासले. त्यांपैकी 200 जण, म्हणजे शंभरात चाळीस, दाखल होतानाच कुपोषित होते. पुढे घरी जाताना ज्यांचे पुन्हा वजन केले, त्या रुग्णांचे वजन सरासरी पाच टक्क्यांहून अधिक घटले होते. हे श्रीमंत देशातले आकडे आहेत, हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडे तर बरेच लोक रुग्णालयाच्या दारात येतात तेच अपुऱ्या वजनाने. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील प्रौढ स्त्रियांपैकी 18.7 टक्के आणि पुरुषांपैकी 16.2 टक्के उंचीच्या मानाने कमी वजनाचे होते. आजाराआधीच ज्याच्या घरातले कोठार रिकामे, त्याला आजाराचा दुष्काळ कसा सोसणार?

आता रक्तातील साखर म्हणजे काय आणि ती कमी का होते, हे सोप्या भाषेत पाहू. मधुमेहामुळे 'साखर वाढणे' हा शब्द आता घराघरांत पोहोचला आहे. 'साखर उतरणे' मात्र तितकेसे परिचित नाही. खरे म्हणजे वाढलेली साखर माणसाला वर्षानुवर्षे हळूहळू पोखरते. उतरलेली साखर त्याला काही तासांत, कधी त्याहूनही लवकर संपवू शकते.

निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर साधारणपणे शंभर मिलिलिटर रक्तात 70 ते 100 मिलिग्रॅम असते. 70 च्या खाली गेली की सावध व्हावे, आणि 54 च्या खाली गेली की ती निश्चितच धोक्याची समजावी. आपला मेंदू वजनाने शरीराचा जेमतेम पन्नासावा भाग. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिचा सुमारे पाचवा भाग तो एकटा घेतो. दिवसाला त्याला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते, आणि स्वतःजवळ तो साठा जवळपास ठेवत नाही. रोज कमवावे आणि रोज खावे, अशा हातावर पोट असलेल्या मजुरासारखी त्याची स्थिती आहे.

मग आपण रात्री झोपतो, रोजा किंवा उपवास करतो, तेव्हा मेंदूला ग्लुकोज कोण पुरवते? ते काम यकृत करते. यकृतात ग्लायकोजेन नावाची साखरेची शिदोरी असते. चांगल्या पोसलेल्या माणसात ती शंभर ग्रॅमच्या आसपास असते आणि जेवण झाल्यावर साधारण एक दिवसाच्या आत संपत येते. ती संपल्यावर यकृत आणि काही प्रमाणात मूत्रपिंडे नवे ग्लुकोज तयार करतात. त्यासाठी कच्चा माल लागतो. तो मुख्यतः स्नायूंतील प्रथिनांतून आणि थोडा चरबीतून येतो. उपास लांबला की चरबीपासून दुसरे एक इंधन तयार होते आणि मेंदू त्यावर बराचसा निभावून नेतो. परंतु हे सगळे निरोगी माणसाच्या बाबतीत.

घरातले सरपण संपले म्हणजे माणूस आधी मोडके फर्निचर जाळतो आणि शेवटी छपराचे वासे काढून जाळतो. कुपोषित रुग्णाचे तसेच होते. त्याची यकृतातील शिदोरी अगोदरच संपलेली असते. दंड-मांड्यांचे स्नायू वितळलेले असतात, म्हणून कच्चा माल नाही. चरबीही नाही. त्यात जंतुसंसर्ग झाला की शरीराची साखरेची गरज वाढते, आणि त्याच वेळी यकृताची साखर तयार करण्याची शक्ती घटू शकते. जमा थांबली आणि खर्च वाढला की दिवाळे निघायला एक रात्र पुरते. आमच्या त्या रुग्णाचे असेच झाले. मी त्याला शिरेतून एकदा ग्लुकोज दिले, म्हणजे रिकाम्या घरात एका दिवसाची भाजी नेऊन टाकली एवढेच.

कोणत्या रुग्णांत ही भीती अधिक असते? 1986 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत तेथे दाखल झालेल्या 94 प्रौढ रुग्णांमध्ये साखर गंभीरपणे उतरल्याच्या 137 घटना आढळल्या. त्यांपैकी निम्म्याहून कमी रुग्ण मधुमेहाचे होते. त्याखालोखाल मूत्रपिंड निकामी झालेले रुग्ण होते. नंतर यकृताचे विकार, जंतुसंसर्ग, कर्करोग इत्यादी. या 94 जणांपैकी 27 टक्के दगावले. बहुतेकांचा मृत्यू केवळ साखर उतरल्यामुळे झाला नव्हता, असे अभ्यासकांनी स्पष्ट सांगितले आहे. पण साखर जितकी खाली, तितका मृत्यू जवळ, असा संबंध दिसला. याचा अर्थ असा की, मधुमेह नसलेल्या रुग्णाची साखर उतरणे ही एक घंटा आहे. शरीराची गंगाजळी संपली, हे ती सांगते.

मूत्रपिंडांचे एक विशेष आहे. शरीरातील इन्शुलिनचा निचरा करण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. ती मंदावली की इन्शुलिन रक्तात जास्त वेळ रेंगाळते. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्यांचेही तसेच. ग्लायबेनक्लामाइडसारख्या गोळीचा परिणाम वृद्ध आणि मूत्रपिंडाच्या रुग्णात दोन-दोन दिवस टिकू शकतो. फॅल्सिपेरम जातीचा गंभीर मलेरिया आणि त्यावर दिले जाणारे क्विनाइन, या दोन्हींमुळे साखर उतरते. रिकाम्या पोटी मद्य घेतल्यास यकृताचे नवे ग्लुकोज तयार करण्याचे काम अडते. ही यादी तुम्ही पाठ करावी असे मी म्हणत नाही. एवढेच लक्षात ठेवा की 'त्यांना मधुमेह नाही, म्हणजे साखरेचा प्रश्न नाही' हे म्हणणे चूक आहे.

आता लक्षणे. सुरुवातीला हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, छाती धडधडते, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटते. साखर आणखी उतरली की मेंदू बोलू लागतो. माणूस चिडतो, विसंगत बोलतो, जीभ जड होते, चालताना झोक जातो. कधी झटके येतात. कधी एक बाजू लुळी पडून अर्धांगवायूचा भास होतो. शेवटी शुद्ध हरपते. परंतु वृद्ध, फार अशक्त आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्या माणसांत पहिली लक्षणे दिसतच नाहीत. ती माणसे नुसती गप्प होतात. नातेवाईक म्हणतात, "आज आजी शांत झोपल्यात." सर्वांत जास्त भीती बाळगावी ती या शांत झोपेची. भर दुपारी आजी हाकेला ओ देत नसेल, तर तिला झोपू देऊ नका. सिस्टरना बोलवा आणि साखर तपासायला सांगा. 1983 मध्ये आमच्याकडे रंग ताडून पाहण्याची पट्टी होती. आज साखर मोजण्याचे यंत्र अनेकांच्या घरी टेबलावर असते आणि काही सेकंदांत आकडा दाखवते. आता सबब उरलेली नाही.

साखर उतरली आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे 15 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन-चार सपाट चमचे, पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अजून कमीच असेल तर पुन्हा द्यावी. पण इथे थांबू नये. यानंतर पोळी, भात, दूध, केळे असे काही खरे अन्न पोटात गेले पाहिजे. नाहीतर माझ्या रुग्णासारखी पहिली फेरी जिंकून दुसरी हरण्याची वेळ येते. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात मात्र कधीही काही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला शिरेतून ग्लुकोज लागते आणि ते काम डॉक्टर-नर्सचे. ग्लुकागॉन नावाचे एक इंजेक्शन आहे. ते यकृतातील शिदोरी सोडवून साखर वाढवते. पण ज्याची शिदोरीच रिकामी, त्या कुपोषित माणसात त्याचा फारसा उपयोग होत नाही.

इथे आपल्या समाजातील एका पक्क्या समजुतीविषयी बोलले पाहिजे. 'सलाईन लावले आहे, म्हणजे ताकद मिळतेच आहे' असे आपण मानतो. काही ठिकाणी तर नातेवाईक डॉक्टरला आग्रह करतात की एक बाटली लावाच. साध्या मिठाच्या सलाईनमध्ये एकही उष्मांक नसतो. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे जेमतेम 85 ते 100 उष्मांक असतात. एका मध्यम आकाराच्या चपातीत साधारण तेवढेच असतात. तिच्यातले प्रथिन तर बाटलीत नसतेच. दोन बाटल्यांवर दिवस काढणारा माणूस दोन कोरड्या चपात्यांवर दिवस काढत असतो. सलाईन पाण्याची तहान भागवते, ते जेवण नव्हे.

दुसरी समजूत मधुमेहाच्या रुग्णाविषयीची. घरचे लोक त्याचे गोड बंद करतात ते ठीक. पण तो आजारी पडून त्याचे जेवण अर्ध्यावर आले, तरी गोळी आणि इन्शुलिन मात्र पूर्वीइतकेच चालू ठेवतात. औषध आणि अन्न ही तराजूची दोन पारडी आहेत. एका पारड्यातले अन्न काढून घेतले आणि दुसऱ्यातले औषध तसेच ठेवले, तर तराजू उलटणारच. जेवण चुकले तर इन्शुलिन देण्यापूर्वी सिस्टरना सांगा. मनाने औषध बंद करू नका आणि न सांगता घेऊही नका. अतिदक्षता विभागातही साखर फार काटेकोर खाली ठेवण्याचा अट्टाहास घातक ठरतो, हे 2009 मध्ये सहा हजारांहून अधिक रुग्णांवरील एका आंतरराष्ट्रीय चाचणीने दाखवून दिले. साखर अगदी निरोगी माणसासारखी ठेवलेल्या गटात 27.5 टक्के दगावले. थोडी सैल ठेवलेल्या गटात 24.9 टक्के.

याच ओघात रमजानविषयी. मधुमेहाचे अनेक रुग्ण डॉक्टरला न विचारता रोजे धरतात. 2001 मध्ये तेरा देशांतील मुस्लिम मधुमेही रुग्णांची पाहणी झाली. त्यात रमजानच्या महिन्यात साखर गंभीरपणे उतरण्याचे प्रमाण प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात सुमारे साडेसात पट वाढलेले आढळले. कुरआन शरीफमध्ये सूरह अल-बकरामध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत स्पष्ट दिलेली आहे. रुग्णालयाच्या खाटेवरून रोजाचा हट्ट धरणाऱ्या बुजुर्गांना मी नेहमी सांगत असे, "चाचा, जी सवलत अल्लाहने दिली ती नाकारणारे तुम्ही-आम्ही कोण?" एकादशीचा किंवा चतुर्थीचा हट्ट धरणाऱ्या माझ्या मावश्यांनाही मी याच अर्थाचे सांगत आलो. उतरलेली साखर रुग्णाचा धर्म विचारत नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. हे भाषण ऐकून कोणी उत्साहाच्या भरात आठ-दहा दिवसांच्या उपाशी रुग्णाला एकदम पंचपक्वान्ने वाढू नयेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून आणि बंदिवासातून सुटलेल्या लोकांना दयेपोटी भरपूर खाऊ घातले गेले, तेव्हा काहीजण खाल्ल्यानंतर दगावले. दीर्घ उपासानंतर एकदम अन्न आले की इन्शुलिन उसळते. रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जाऊन त्यांची रक्तातील पातळी कोसळते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून अशा माणसाला आधी थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व देतात, रक्त तपासतात आणि आहार थोडा-थोडा वाढवत नेतात. सुकलेल्या रोपाला आपण घागर ओतत नाही, चूळभर पाणी पुन्हा पुन्हा घालतो. तेच इथे.

आपण म्हणाल, आजार मोठा, तिथे चार घास जास्त गेल्याने असा काय फरक पडणार? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आज आपल्याजवळ आहे. स्वित्झर्लंडमधील आठ रुग्णालयांत दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. हे सर्व रुग्ण कुपोषणाच्या धोक्यातील होते. निम्म्यांना रुग्णालयाचे नेहमीचे जेवण दिले. निम्म्यांसाठी आहारतज्ज्ञाने प्रत्येकाची गरज पाहून आहार ठरवला आणि तो पोटात जातो की नाही यावर लक्ष ठेवले. तीस दिवसांत पहिल्या गटातील 10 टक्के आणि दुसऱ्या गटातील 7 टक्के दगावले. शंभरामागे तीन जीव वाचले, आणि तेही नव्या औषधाने नव्हे, तर अन्नाने.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. झारखंडमध्ये क्षयाच्या रुग्णांना उपचाराबरोबर दरमहा धान्य आणि पोषक आहार दिला गेला. रुग्णांपैकी पाचात चार जण उपचार सुरू होताना कमी वजनाचे होते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी आढळला. ज्या घरांत रुग्णाच्या कुटुंबीयांनाही तांदूळ आणि डाळ दिली, तिथे घरातल्यांना क्षय होण्याचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. डाळ-तांदूळ हे औषध आहे, असे आपल्या आजीबाई म्हणत. आता शास्त्रही तेच म्हणते. क्षयाच्या रुग्णाला आहारासाठी सरकार दरमहा मदत देते. 2018 मध्ये ती 500 रुपयांनी सुरू झाली आणि नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली. आपल्या शेजारी असा रुग्ण असेल तर त्याचे नाव नोंदवले आहे काय, त्याचे पैसे बँकेत येतात काय, एवढे तरी विचारा.

आता आपण काय करावे, ते सांगून मी आटोपते घेतो.

आपले माणूस रुग्णालयात दाखल झाले की पहिल्याच दिवशी डॉक्टरला चार गोष्टी आपणहून सांगा. किती दिवसांपासून जेवण कमी आहे, गेल्या सहा महिन्यांत वजन किती घटले, गिळायला किंवा चावायला त्रास आहे काय, आणि घरी कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. वजन माहीत नसेल तर अंगठी किंवा बांगड्या सैल झाल्या काय, पट्ट्याचे भोक किती आत आले, हे सांगा. साठ किलोचा माणूस सहा महिन्यांत चौपन्नच्या खाली आला तर ती गंभीर बाब आहे. उंची 1.60 मीटर, म्हणजे पाच फूट तीन इंच असेल आणि वजन साडेसत्तेचाळीस किलोपेक्षा कमी असेल, तर ते माणूस कमी वजनाचे समजावे. वजन केल्याशिवाय केसपेपर पुढे सरकू देऊ नका. वजनकाटा हे काही महागडे यंत्र नाही.

शस्त्रक्रिया किंवा तपासणीसाठी 'काही खायचे नाही' असे सांगितले, तर 'किती वाजेपर्यंत' हे नक्की विचारा. सर्वसाधारण रुग्णाला भूल देण्यापूर्वी हलके अन्न सहा तास आणि साधे पाणी दोन तास बंद ठेवणे पुरेसे असते. तपासणी पुढे ढकलली गेली तरी रुग्ण मात्र संध्याकाळपर्यंत उपाशीच, असे प्रकार मी असंख्य वेळा पाहिले आहेत. कोणी विचारले तर दोन मिनिटांत ताट येते. कोणी विचारले नाही तर येत नाही.

डबा नेताना, डॉक्टरांनी पथ्य सांगितले नसेल तर, थोडे पण दमदार अन्न न्या. मऊ खिचडीवर तूप, नाचणीची पेज दुधातली, शिजवलेले अंडे, दाण्याचा कूट घातलेली भाजी, केळे, खजूर. पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या. ताट समोर ठेवून निघून जाऊ नका. किती घास गेले ते मोजा आणि सिस्टरना सांगा.

शेवटची विनंती संस्थेला. आपल्या मुली परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळत आहेत, याचा मला फार आनंद आहे. त्यांना इंजेक्शन द्यायला शिकवणारे पुष्कळ भेटतील. भरलेले परत जाणारे ताट पाहायला मात्र त्यांना घरातूनच शिकवा. आणि वरच्या वर्गातील मुलांनी, रुग्णालयाच्या प्रमुखांची परवानगी घेऊन, आठवड्यातून एक दिवस जेवणाच्या वेळी वॉर्डात जावे. ज्यांना कोणी नाही, ज्यांचा हात थरथरतो, ज्यांना उठवत नाही, त्यांना आधार देऊन बसवावे आणि चार घास भरवावेत. याला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, ठराव मांडावा लागत नाही. लागतो तो अर्धा तास आणि थोडा धीर.

त्या बाईचे वाक्य मी आपल्या हवाली करून थांबतो. ती म्हणाली होती, "कुणी विचारलंच नाही." उद्या आपण कोणाला भेटायला रुग्णालयात गेलात, तर फुले नेली नाहीत तरी चालेल. खाटेशी बसा आणि पहिला प्रश्न एवढाच विचारा, "आज जेवलात का?" शेजारच्या खाटेवर कोणी एकटे असेल, तर त्यालाही विचारा.